घरच्या घरी टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग : पहिल्या फ्रेमपासून पहिल्या ऑर्डरपर्यंत

टी-शर्टवर प्रत्यक्ष रंग ओढायला दहा सेकंद पुरतात. छपाई चांगली होणार की वाईट, हे मात्र त्या दहा सेकंदांच्या आधी आणि नंतर ठरतं. आधी जाळीवर स्टेन्सिल नीट तयार झालं पाहिजे आणि नंतर रंग उष्णतेने पुरता पक्का झाला पाहिजे. नव्याने शिकणाऱ्यांचं लक्ष बहुतेक वेळा छपाईचं मशीन, महागडा स्क्वीजी (रंग ओढायची रबरी पट्टी) आणि रंगांच्या छटा यांच्याकडे असतं. त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे जाळीवरच्या थराला प्रकाश देणं, अंदाजाने होतं, इस्त्री घाईत फिरते आणि दुसऱ्याच धुण्यात डिझाइन फिकट पडतं. या लेखात त्या दोन टप्प्यांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

तत्त्व साधं आहे. फ्रेमवर ताणलेल्या पॉलिएस्टरच्या जाळीवर (दोन्ही मिळून स्क्रीन) इमल्शन, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील लेप, लावतात. त्यावर काळ्या शाईत छापलेलं डिझाइन ठेवून अतिनील प्रकाश टाकतात. प्रकाश लागलेलं इमल्शन कडक होतं, काळ्याखाली झाकलेलं मऊ राहतं आणि पाण्याने धुतल्यावर निघून जातं. कडक राहिलेला थर म्हणजे स्टेन्सिल, आणि उघड्या राहिलेल्या छिद्रांतून रंग खाली कापडावर उतरतो.

सुरुवात कशाने करावी

एक रंग, फिकट कापड, शंभर टक्के सुती टी-शर्ट, पाण्यावर आधारित रंग आणि एकाच नंबरची जाळी. पहिल्या काही आठवड्यांत या चौकटीबाहेर जाऊ नका. एका वेळी अनेक गोष्टी बदलल्या की बिघाडाचं कारण सापडत नाही, आणि कारण सापडलं नाही तर तोच बिघाड पुन्हा होतो.

पाण्यावर आधारित रंग घरासाठी बरा, कारण अवजारं पाण्याने धुता येतात, वास कमी येतो आणि छपाई कापडावर मऊ लागते. त्याचा त्रास एकच : तो जाळीतच सुकतो. दुसरा पर्याय प्लास्टिसॉल. त्यात पीव्हीसीचे कण प्लास्टिसायझरमध्ये (प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रवात) मिसळलेले असतात आणि तो हवेत कधीच सुकत नाही. रंग रात्रभर स्क्रीनवर राहिला तरी चालतं, म्हणून कारखान्यांना तो आवडतो. पण त्याला तापवावंच लागतं, सहसा साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत, साफसफाईला वेगळं द्रावण लागतं आणि उरलेला रंग मोरीत ओतता येत नाही. घरच्या छोट्या जागेत सुरुवातीला तो टाळलेला बरा.

टी-शर्ट १८० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा, कोम्ब्ड कॉटनचा (विंचरून आखूड तंतू काढलेल्या सुताचा), विणीला सपाट असा घ्या. फार पातळ कापडातून रंग मागे उतरतो आणि खडबडीत विणीवर बारीक रेषा तुटतात. पॉलिएस्टर सध्या बाजूला ठेवा : त्याचा मूळ रंग उष्णतेने सुटून वरच्या छपाईत चढतो आणि लाल टी-शर्टवरचा पांढरा रंग काही तासांत गुलाबी होतो. कापडावर सिलिकॉनचं फिनिश आहे का, हे पाण्याच्या एका थेंबाने कळतं. थेंब आत न जिरता वरच बसून राहिला, तर रंगही नीट धरणार नाही. असे टी-शर्ट एकदा धुऊन वाळवून मगच वापरा.

सामान

फ्रेम लाकडी किंवा अॅल्युमिनियमची. लाकडी फ्रेम स्वस्त पडते, पण वारंवार पाणी लागून वाकते, आणि वाकलेली फ्रेम टेबलावर चारही कोपऱ्यांनी टेकत नाही. आठवड्याला एखादी स्क्रीन करणार असाल तर अॅल्युमिनियमचीच घ्या. आतलं माप डिझाइनपेक्षा दोन्ही बाजूंना किमान ८ ते १० सेमी मोठं हवं. ए-४ आकाराच्या डिझाइनला आतून साधारण ४० बाय ५० सेमीची फ्रेम सोयीची पडते.

जाळीचा नंबर म्हणजे एका सेंटिमीटरमधले धागे. ४३ टी म्हणजे सेंटिमीटरला ४३, इंचाला सुमारे ११० धागे. नंबर लहान तर छिद्रं मोठी आणि रंग जास्त उतरतो. ठळक अक्षरं आणि गडद कापडावरचा पांढरा रंग यांना ४३ टी, बारीक रेषांना ६१ ते ७७ टी. एकच घ्यायची असेल तर ६१ टी घ्या, फिकट कापडावर ती बहुतेक सगळं काम करते. जाळी सैल नको. ताण मोजायचं मीटर असेल तर २० ते २५ न्यूटन प्रति सेमी अपेक्षित धरा. मीटर नसेल तर जाळीवर टिचकी मारून बघा, आवाज खणखणीत आला पाहिजे. सैल जाळी रंग ओढताना स्क्वीजीबरोबर पुढे सरकते आणि कडा दुहेरी उमटतात.

स्क्वीजीचं रबर ६५ ते ७० शोअर कडकपणाचं, चौकोनी धारेचं. रुंदी डिझाइनपेक्षा दोन्ही बाजूंना अडीच सेमी जास्त. धार गोल झाली किंवा तिच्यात खाच पडली की छपाईत उभा पट्टा दिसतो, म्हणून स्क्वीजी कधीही धारेवर उभा करून ठेवू नका.

याशिवाय लागणारं सामान : स्कूप कोटर (इमल्शन लावायची पन्हळीसारखी पट्टी), इमल्शन, स्क्रीन पकडायच्या दोन बिजागरी क्लॅम्प, ३५ बाय ४० सेमीची गुळगुळीत फळी, टी-शर्ट फळीला चिकटवायचा पाण्यावर आधारित गोंद, चिकटपट्टी, ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि पिवळा दिवा. वजनकाटा अनेकजण वगळतात. रंगात फिक्सर (रंग पक्का व्हायला मदत करणारं रसायन) अंदाजाने टाकणं हे छपाई धुण्यात उतरण्याचं एक मोठं कारण आहे, म्हणून तो घ्याच.

इमल्शन घेताना डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. काही इमल्शनं फक्त सॉल्व्हंट आणि प्लास्टिसॉलला टिकतात. पाण्याच्या रंगाखाली ती वीस-तीस टी-शर्टांत विरघळायला लागतात आणि डिझाइनच्या कडा ढासळतात. पाण्याला टिकणारं डायझो किंवा ड्युअल-क्युअर इमल्शन घ्या. त्यातली डायझोची पूड (इमल्शनला प्रकाशाला संवेदनशील करणारं रसायन) डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून इमल्शनमध्ये मिसळायची आणि बुडबुडे जाईपर्यंत, शक्यतो रात्रभर, डबा अंधारात ठेवायचा. मिसळलेलं इमल्शन साधारण महिनाभर टिकतं, थंडाव्यात ठेवल्यास जास्त. तयार फोटोपॉलिमर इमल्शन सोयीचं असतं, पण त्याला प्रकाश काही सेकंदच लागतो आणि नवख्या हातात तेवढ्या वेळात चूक होते. बायक्रोमेट घालून संवेदनशील करायचं जुन्या पद्धतीचं रसायन घरात आणू नका. ते कर्करोगकारक आहे आणि त्वचेलाही अपाय करतं.

डिझाइन आणि पॉझिटिव्ह

डिझाइन पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं हवं, मध्ये करड्या छटा नकोत. शक्यतो व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी), नाहीतर प्रत्यक्ष छपाईच्या मापात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. ६१ टी जाळीवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेष ठेवू नका. छटा दाखवायच्याच असतील तर ठिपक्यांचं हाफटोन करावं लागतं. इंचाला किती ठिपके ठेवायचे, हे जाळीच्या इंचातल्या धाग्यांना साडेचारने भागून काढा : ६१ टीला, म्हणजे इंचाला १५६ धाग्यांना, ३५ च्या आसपास. त्यापेक्षा बारीक ठिपके जाळी धरत नाही.

पॉझिटिव्ह म्हणजे डिझाइन छापलेली पारदर्शक फिल्म. तिच्यावरचा काळा रंग खरोखर प्रकाश अडवणारा हवा. फिल्म मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. काळ्या भागातून प्रकाश झिरपताना दिसला तर तो एक्स्पोजरच्या वेळीही झिरपणार. इंकजेट प्रिंटरला त्याच्यासाठीची फिल्म आणि सर्वात गडद सेटिंग वापरा. लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये बारीक छिद्रं राहतात, तेव्हा एकाच डिझाइनच्या दोन प्रती तंतोतंत एकावर एक चिकटवा. लेझरच्या उष्णतेने फिल्म किंचित आकसते. एका रंगाच्या कामाला फरक पडत नाही, दोन रंगांच्या जुळवणीत मात्र पडतो.

जाळी धुणं आणि इमल्शन लावणं

नवी जाळीसुद्धा आधी धुवायची. तिच्यावर बोटांचं तेल आणि धूळ असते. डिग्रीझर (तेल काढणारं द्रावण) किंवा साधा, मॉइश्चरायझर नसलेला भांड्यांचा साबण मऊ ब्रशने दोन्ही बाजूंना लावा आणि भरपूर पाण्याने धुवा. पाणी जाळीवर अखंड पडद्यासारखं पसरलं तर ती स्वच्छ आहे. पाणी फाटून त्याचे थेंब झाले तर तेल अजून बाकी आहे. इमल्शनमध्ये मासळीच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडतात ती इथूनच. धुतल्यावर जाळीला हात लावू नका.

इमल्शन पिवळ्या दिव्याच्या उजेडात लावा. फ्रेम भिंतीला किंचित तिरपी टेकवा. स्कूप कोटर अर्धा भरून खालच्या कडेला लावा, कलता करा आणि इमल्शनची कड जाळीला पूर्ण रुंदीत टेकली की एकाच संथ गतीने वर न्या. आधी टी-शर्टच्या बाजूने एक हात, मग फ्रेम फिरवून स्क्वीजीच्या बाजूने एक हात. शेवटचा हात आतून दिल्याने इमल्शन बाहेरच्या, टी-शर्टकडच्या बाजूला ढकललं जातं आणि तिथे सपाट थर तयार होतो. छपाईची कड स्वच्छ येते ती या थरामुळे.

सुकवताना फ्रेम आडवी ठेवा, टी-शर्टची बाजू खाली, चार कोपऱ्यांखाली ठोकळे. अंधार, पंखा आणि कोरडी हवा. उष्णता ४० अंशांच्या वर नको. हात लावून कोरडं वाटणारं इमल्शन आतून ओलसर असू शकतं, आणि ओलसर इमल्शनला कितीही प्रकाश दिला तरी ते नीट कडक होत नाही. दमट हवेत तीन-चार तास थांबावं लागलं तरी थांबा. धुताना सगळं स्टेन्सिलच वाहून गेलं तर नवखे लोक प्रकाशाची वेळ वाढवत बसतात, दोष मात्र अनेकदा याच ओलाव्याचा असतो.

एक्स्पोजर

४०० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील एलईडी फ्लडलाइट घरगुती कामाला पुरतो. दिव्याचं अंतर निदान डिझाइनच्या कर्णाएवढं ठेवा, नाहीतर मधला भाग जास्त आणि कडा कमी शेकल्या जातात (इथे शेकणं म्हणजे उष्णता नव्हे, प्रकाश देणं). एकदा ठरवलेलं अंतर बदलू नका. अंतर दुप्पट केलं तर वेळ जवळपास चौपट लागतो.

दिवा वरून असेल तर मांडणी अशी : टेबलावर फोमचा ठोकळा, त्यावर काळं कापड, त्यावर स्क्रीन टी-शर्टची बाजू वर करून, तिच्यावर फिल्म, आणि सर्वांत वर ५-६ मिमी जाडीची साधी काच. फोम फ्रेमच्या आतल्या पोकळीत बसला पाहिजे, म्हणजे जाळी खालून काचेकडे दाबली जाते. फिल्मची शाईची बाजू इमल्शनला टेकवा. या मांडणीत वरून बघताना अक्षरं उलटी दिसली पाहिजेत. सुलटी दिसत असतील तर टी-शर्टवर उलटी छापली जातील. फिल्म आणि इमल्शन यांच्यात केसभरही फट राहिली तर प्रकाश कडेखाली शिरतो आणि बारीक रेषा गायब होतात. काळं कापड खालून परतणारा प्रकाश अडवतं, ते विसरू नका.

वेळ किती द्यायचा? दुसऱ्या कुणाचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. दिवा, अंतर, इमल्शन, थराची जाडी आणि जाळीचा रंग यांतलं काहीही बदललं की वेळ बदलतो. पांढऱ्या जाळीत प्रकाश धाग्यांमधून पसरतो, पिवळ्या जाळीत कमी पसरतो, म्हणून पिवळीला जास्त वेळ लागतो. एक स्क्रीन खर्ची घालून चाचणी करा. सगळी पुढची कामं या चाचणीवर उभी राहतात.

एका फिल्मवर आठ एकसारखे पट्टे छापा. प्रत्येकात अर्धा, एक आणि दोन मिमीच्या रेषा आणि बारीक अक्षरांची एक ओळ ठेवा. डायझो इमल्शन असेल तर आधी सगळी स्क्रीन दोन मिनिटं शेकवा. मग पहिला पट्टा जाड पुठ्ठ्याने झाका आणि एक मिनिट द्या, दुसराही झाका आणि आणखी एक मिनिट द्या, असं पुढे. म्हणजे पट्ट्यांना अनुक्रमे २, ३, ४ अशी ९ मिनिटांपर्यंत वेळ मिळेल. फोटोपॉलिमर असेल तर मिनिटांच्या जागी पाच-पाच सेकंद धरा. दिव्याकडे थेट बघू नका.

धुतल्यावर पट्टे शेजारी ठेवून वाचा. कमी शेकलेल्या पट्ट्यात स्क्वीजीच्या बाजूने इमल्शन बुळबुळीत लागतं, बोटाला रंग येतो, कधी सगळा पट्टाच निघतो. जास्त शेकलेल्यात अर्ध्या मिमीची रेष उघडतच नाही. डायझो इमल्शनमध्ये आणखी एक खूण असते : पिवळट रंग शेकल्यावर फिकट होत जातो, आणि एका ठिकाणापासून पुढच्या पट्ट्यांचा रंग सारखाच दिसतो. रंग बदलायचा थांबला तो पट्टा म्हणजे इमल्शन तळापर्यंत कडक झालं. तोच वेळ लिहून ठेवा. त्या वेळेला बारीक रेष बंद होत असेल तर वेळ कमी करू नका, फिल्म जास्त गडद करा आणि काचेचा दाब वाढवा. कमी शेकवून मिळवलेली बारीक रेष दहा-पंधरा छपायांनंतर फुटते.

उन्हातही स्क्रीन शेकते, पण सकाळ आणि दुपार यांत, ढग आला-गेला यांत एवढा फरक पडतो की वेळ पक्की करता येत नाही. नियमित कामाला ऊन धरू नका.

धुणं आणि डागडुजी

शेकल्यानंतर लगेच दोन्ही बाजू पाण्याने भिजवा आणि मिनिटभर थांबा. झाकलेला भाग फुगून फिकट दिसायला लागेल. मग टी-शर्टच्या बाजूने मऊ फवाऱ्याने धुवा. जोरदार धार जवळून मारली तर चांगलं स्टेन्सिलही सुटतं. उजेडासमोर धरून प्रत्येक अक्षर उघडलं का बघा. उघड्या भागात पातळ पारदर्शक पडदा राहिला असेल तर तो ओला असताना दिसत नाही, पण सुकल्यावर रंग अडवतो, म्हणून शेवटी आतून एकदा हलकं पाणी मारा आणि कागदाने टिपून घ्या.

स्क्रीन सुकली की तिला पुन्हा प्रकाश द्या, या वेळी फिल्मशिवाय, पहिल्याइतकाच किंवा जास्त. पाण्याच्या रंगासाठी हा दुसरा शेक फार उपयोगी आहे. बारीक छिद्रं थोडं इमल्शन ब्रशने लावून बुजवा आणि तो भाग शेकवा. चारही बाजूंची उघडी जाळी चिकटपट्टीने बंद करा.

छपाईची मांडणी

फळी जड टेबलाला घट्ट स्क्रूने बसवा, मागे बिजागरी क्लॅम्प. फळीवर टी-शर्ट चढवलेला असताना जाळी आणि कापड यांच्यात २ ते ३ मिमी अंतर राहायला हवं. फ्रेमच्या पुढच्या कडेखाली पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून आणि मागच्या क्लॅम्पखाली तेवढाच पुठ्ठा देऊन ते साधतं. या अंतरामुळे स्क्वीजी पुढे गेला की मागची जाळी लगेच कापडापासून सुटते. अंतरच नसेल तर जाळी रंगाला चिकटून राहते आणि कडा पसरतात.

फळीच्या मध्यावर एक उभी रेष आखा. टी-शर्ट मधोमध घडी घालून इस्त्रीने हलकी खूण पाडली की गळ्याचा मध्य त्या रेषेवर आणता येतो. छातीवरच्या मोठ्या डिझाइनची वरची कड गळ्याच्या पट्टीखाली ७ ते ८ सेमी ठेवा. नवख्यांची छपाई बहुतेक वेळा फार खाली येते आणि टी-शर्ट घातल्यावर डिझाइन पोटावर दिसतं. लहान मापांना हे अंतर थोडं कमी करा.

रंग ओढणं

तयार रंग वापरा किंवा बेसमध्ये (रंगाशिवायच्या मूळ मिश्रणात) पिगमेंट, म्हणजे रंगाचे कण, मिसळा. मिसळत असाल तर पिगमेंट वजनाने ३ ते ५ टक्क्यांवर थांबवा. छटा गडद व्हावी म्हणून जास्त टाकलं की बाइंडरला (कण कापडाला बांधून ठेवणाऱ्या घटकाला) सगळे कण धरता येत नाहीत आणि ओल्या हाताने घासलं तरी रंग उतरतो.

डिझाइनच्या अलीकडे, स्क्रीनच्या बंद भागावर रंगाची रुंद पट्टी टाका. स्क्रीन थोडी उचलून धरा आणि स्क्वीजी अजिबात दाब न देता पूर्ण डिझाइनवरून फिरवा, म्हणजे छिद्रं रंगाने भरतील. मग स्क्रीन खाली टेकवा आणि स्क्वीजी ७० ते ७५ अंशांत धरून एकसारख्या दाबाने, न थांबता ओढा. ओढल्यावर जाळीवर रंग मागे उरता कामा नये, धागे स्वच्छ दिसले पाहिजेत. दोन हात पुरे, तिसऱ्याने कडा जाड होतात. पहिल्या तीन-चार छपाया चिंध्यांवर करा, पहिल्या ओढींमध्ये जाळी नीट ओली झालेली नसते.

प्रत्येक छपाईनंतर लगेच पुन्हा रंग भरून ठेवा. टी-शर्ट बदलायला एखादं मिनिट लागतं, तेवढ्यात उघड्या छिद्रांतला रंग सुकायला लागतो आणि बारीक अक्षरं आधी बंद होतात. पंखा छपाईच्या टेबलाकडे वळवू नका. रंग दाटला तर पाण्याचा बारीक फवारा किंवा २-३ टक्के रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव्य). त्यापेक्षा जास्त रिटार्डर टाकला की रंग पक्का व्हायला वेळ वाढतो.

कडा पसरल्या तर क्रमाने बघा : रंग पातळ झालाय का, अंतर बसलंय का, दाब जास्त पडतोय का. प्रतिमा दुहेरी आली तर टी-शर्ट फळीला नीट चिकटलेला नाही किंवा क्लॅम्प हलतोय. एकाच जागी ठिपका चुकत असेल तर जाळीखाली कापडाचा तंतू अडकलाय, चिकटपट्टीच्या तुकड्याने तो उचला.

रंग पक्का करणं

छपाई हाताला कोरडी लागली म्हणजे ती पक्की झाली असं नाही. आधी सगळं पाणी उडून जावं लागतं, त्यानंतर तापमान वाढून बाइंडर कापडाच्या धाग्याला बांधला जातो. पाणी असेपर्यंत रंगाचं तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही, म्हणून ओल्या छपाईवर हीट प्रेस दाबून दिलेला वेळ वाया जातो, शिवाय वाफ अडकून रंग उचलला जातो. टी-शर्ट निदान अर्धा तास टांगून ठेवा, दमट हवेत जास्त.

हीट प्रेस असेल तर सिलिकॉन कागद ठेवून हलक्या दाबाने पाच-सात सेकंद दाबा, उचला, वाफ जाऊ द्या. मग १५० ते १६० अंशांवर दोन ते तीन मिनिटं. नेमका आकडा रंगाच्या डब्यावर असतो, तो पाळा. प्रेसच्या पडद्यावरचं तापमान आणि रंगाचं तापमान यांत फरक असतो, तेव्हा तापमान दाखवणारी पट्टी एकदा तरी छपाईवर लावून खात्री करा.

इस्त्रीवर काम होतं, फक्त वेळ द्यावा लागतो. वाफ बंद, सुती कापडाची सेटिंग, वर कागद, इस्त्री सतत फिरती. ए-४ एवढ्या छपाईला पाच मिनिटं, त्यानंतर आतल्या बाजूने आणखी दोन-तीन मिनिटं. एका जागी थांबली तर पांढरं कापड पिवळं पडतं. हीट गनने एक ठिकाण जळतं आणि शेजारचं कच्चं राहतं, म्हणून विक्रीच्या मालाला ती वापरू नका. स्वयंपाकाचा ओव्हन या कामाला कधीही वापरायचा नाही.

इस्त्रीवर अवलंबून असाल तर रंगात फिक्सर घाला, साधारण २ ते ३ टक्के, काट्यावर मोजून : २०० ग्रॅम रंगाला ४ ते ६ ग्रॅम. फिक्सर घातलेला रंग काही तासांतच निकामी होतो, म्हणून लागेल तेवढाच मिसळा आणि उरलेला मूळ डब्यात परत टाकू नका. पूर्ण ताकद यायला बहुतेक फिक्सरना दोन-तीन दिवस लागतात, तोपर्यंत टी-शर्ट धुऊ नका.

आता चाचणी. छपाईचा एक नमुना मधोमध कापा. अर्धा तुकडा नेहमीच्या साबणात पाच वेळा धुवा, अर्धा तसाच ठेवा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक जेमतेम दिसला पाहिजे. शिवाय ओल्या पांढऱ्या फडक्याने छपाई वीस वेळा घासून बघा. ही चाचणी पास झाल्याशिवाय एकही टी-शर्ट विकू नका. रंगाचा ब्रँड, फिक्सर किंवा कापड बदललं की ती पुन्हा करायची.

गडद कापड आणि दुसरा रंग

साधा पाण्याचा रंग काळ्या कापडावर दिसत नाही, कारण तो पारदर्शक असतो. त्यासाठी अपारदर्शक पांढरा रंग आणि ४३ टी जाळी लागते : एक थर छापा, टी-शर्ट फळीवरून न काढता गरम हवेने वरवर सुकवा, त्यावर दुसरा थर. हा रंग दाट असतो आणि जाळीत लवकर सुकतो, म्हणून हात बसल्यावरच याकडे वळा. कापडाचा मूळ रंगच काढून टाकणारी डिस्चार्ज पद्धत घरासाठी नाही, तापवताना तिच्यातून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतो.

दोन रंगांना दोन स्क्रीन. दोन्ही फिल्म एकाच प्रिंटरवर सलग छापा आणि जुळवणीच्या फुल्या कोपऱ्यात ठेवा. फिकट रंग गडद रंगाखाली अर्धा मिमी शिरेल असा वाढवून घ्या, म्हणजे मध्ये कापडाची रेष दिसणार नाही. आधी फिकट, मग गडद.

स्क्रीन साफ करणं

काम संपलं की लगेच रंग काढा आणि दोन्ही बाजू पाण्याने धुवा. अर्धा तास उशीर झाला तर बारीक भाग कायमचा बुजू शकतो. दाट रंग आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाका, मोरीत नको. डिझाइन पुन्हा लागणार नसेल तर सोडियम मेटापिरिओडेटचं स्टेन्सिल रिमूव्हर दोन्ही बाजूंना लावा, ब्रशने घासा, एक-दोन मिनिटांत इमल्शन विरघळलं की जोराच्या पाण्याने धुवा. रिमूव्हर जाळीवर सुकू दिलं तर इमल्शन तिथेच कायमचं घट्ट होतं आणि ती जाळी फेकावी लागते. हातमोजे आणि चष्मा घाला. जुन्या डिझाइनची फिकट सावली धाग्यांवर राहिली आणि छिद्रं मोकळी असली, तर ती तशीच राहू द्या.

ऑर्डर घेताना

एक स्क्रीन तयार करणं, लावणं आणि नंतर साफ करणं यात सुकण्याचा वेळ सोडून हाताचा जवळपास एक तास जातो. पाच टी-शर्टांच्या ऑर्डरवर हा बोजा प्रत्येकी १२ मिनिटांचा, पन्नासच्या ऑर्डरवर सव्वा मिनिटाचाही नाही. म्हणून किमान संख्या ठरवा, किंवा स्क्रीनची आकारणी वेगळी लावा. दर काढताना टी-शर्ट, रंग, फिल्म, वीज, पॅकिंग आणि तुमच्या वेळेचे पैसे सगळे धरा. रंग किती लागतो हे अंदाजाने ठरवू नका : डबा आणि स्क्रीनवरचा रंग दहा छपायांच्या आधी आणि नंतर तोला आणि दहाने भागा.

बिघाड होणारच, तेव्हा वीसामागे एक टी-शर्ट जादा घ्या, आणि तो सर्वाधिक मागणीच्या मापाचा. ग्राहकाचे टी-शर्ट छापून द्यायचे असतील तर खराब होणाऱ्या नगांचं काय करायचं, हे आधीच लिहून घ्या. डिझाइनचं माप, गळ्यापासूनचं अंतर, रंग आणि प्रत्येक मापाची संख्या यांना लेखी होकार मिळाल्याशिवाय स्क्रीन करू नका. शक्य असेल तेव्हा छापलेला एक नमुना दाखवा, कापडावर रंग पडद्यापेक्षा वेगळा दिसतो. सिनेमातली पात्रं, क्लबची चिन्हं, कंपन्यांचे लोगो परवानगीशिवाय छापू नका. एकच टी-शर्ट विकला तरी तो कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचा भंग असतो.

प्रत्येक कामाचं एक कार्ड ठेवा : जाळीचा नंबर, एक्स्पोजरची वेळ, रंगाचं वजनी प्रमाण, फिक्सर, तापमान आणि वेळ. ग्राहक तीन महिन्यांनी तोच रंग मागतो, तेव्हा हे कार्डच उपयोगी पडतं. स्क्रीन किती दिवस सांभाळून ठेवणार हेही बिलावर लिहा, कारण पुन्हा ऑर्डर आली तर तयार स्क्रीनचे पैसे पुन्हा लागणार नाहीत, हे ग्राहकाला आधीच माहीत असलेलं बरं. टी-शर्टबरोबर चिठ्ठी द्या : उलटा करून थंड पाण्यात धुवा, ब्लीच नको, छपाईवर थेट इस्त्री नको.